हौशी विमानबांधणीचे नियतकालिक : भाषेच्या दृष्टीने विचार

लहान विमान स्वतःच्या हातांनी बांधून उडविण्याची हौस बाळगणारा वर्ग जगात मोठा नाही. तरी त्याने स्वतःचे असे एक नियतकालिक वाङ्मय निर्माण केले आहे. भाषाभ्यासकाने या वाङ्मयाकडे लक्ष देण्याचे कारण असे की, त्यातील वाक्य केवळ वाचले जात नाही. त्याबरहुकूम लाकूड कापले जाते, सांधा जोडला जातो आणि अखेरीस त्या सांध्यावर एक मनुष्य आपला जीव सोपवितो. असे नियतकालिक चांगले केव्हा म्हणावे, आणि ते मराठीत निघावयाचे झाल्यास त्याच्या भाषेपुढे कोणते प्रश्न उभे राहतील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभ मुंबईतच, गिरगावच्या चौपाटीवर करणे सोयीचे आहे. शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांनी १८९५ मध्ये तेथे मनुष्यरहित विमान उडविले, ही कथा मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. तळपदे ही ऐतिहासिक व्यक्ती होती. ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे त्यांचे पुस्तकही १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्या उड्डाणाची विश्वसनीय समकालीन नोंद उपलब्ध नाही. यंत्राचे वजन किती, पंखांचे क्षेत्रफळ किती, प्रेरक शक्ती कोणती, यांपैकी कशाचेही तपासता येईल असे उत्तर हाती लागत नाही. पुढे या कथेशी जोडल्या गेलेल्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची परीक्षा बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्याच दशकात अमेरिकेत काय घडत होते, हे ताडून पाहण्यासारखे आहे. ऑक्टेव्ह शानूट या रेल्वे अभियंत्याने १८९१ पासून एका रेल्वेविषयक नियतकालिकात उड्डाणप्रयोगांवर लेखमाला लिहिली. ती १८९४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातील बहुतेक यंत्रे उडालेलीच नव्हती. तरीही शक्य तेथे यंत्राची मापे, प्रयोगाची रीत आणि अपयशाचे संभाव्य कारण शानूटने दिले. १८९९ मध्ये विल्बर राइटने स्मिथसोनियन संस्थेकडे उड्डाणविषयक वाङ्मयाची विचारणा केली, तेव्हा सुचविलेल्या ग्रंथांत हे पुस्तक होते. राइट बंधूंनी जर्मन प्रयोगकर्ता ओटो लिलिएन्थाल याची छापलेली कोष्टके वापरली. १९०१ च्या त्यांच्या ग्लायडरला गणिताने अपेक्षित असलेली उचल मिळाली नाही. म्हणून त्यांनी लहानसा वातबोगदा बांधून नवी मोजणी केली. गणितात वापरला जाणारा हवेच्या दाबाचा जुना गुणांकच मुख्यतः चुकीचा होता, हे उघड झाले. आकडा छापलेला होता, म्हणून तो खोडता आला. चौपाटीच्या कथेत खोडण्याजोगा आकडाच नाही. त्यामुळे ती सिद्धही होत नाही आणि विस्मृतीतही जात नाही.

यावरून चांगल्या नियतकालिकाची पहिली कसोटी हाती येते : त्यातील विधान वाचकाला पडताळता आले पाहिजे. दुसरी कसोटी संपादकाची आहे. बर्नार्ड पिटेनपोल या मिनेसोटातील स्वयंशिक्षित कारागिराने फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून विमान बांधले. मोटारीचे इंजिन विमानास उपयोगाचे नाही, असे मत एका यांत्रिक मासिकाच्या संपादकाने व्यक्त केले होते. पिटेनपोलने आपले विमान त्याला प्रत्यक्ष दाखविले. संपादकाने मत बदलले आणि त्या विमानाचे आराखडे १९३२ च्या वार्षिकात छापले. त्या आराखड्यांवरून विमाने आजही बांधली जातात.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे. फ्रान्समधील आंरी मिन्ये याने १९३४ मध्ये ‘उडती पिसू’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या आपल्या विमानाची कृती पुस्तकरूपाने दिली. भाषा इतकी सोपी आणि उत्साहवर्धक होती की, इंग्लंड-फ्रान्समध्ये शेकडो लोक कामाला लागले. लवकरच प्राणघातक अपघात होऊ लागले. १९३६ च्या सुमारास वातबोगद्यातील चाचण्यांनी दोष दाखविला : विमान विशिष्ट कोनापलीकडे खाली झुकले, तर पुढच्या व मागच्या पंखांच्या परस्परपरिणामामुळे ते पुन्हा वर काढता येत नसे. म्हणजे सुगमता हा गुण एकटा पुरेसा नाही. उत्साह पसरविणाऱ्या लेखाइतकेच ठळक स्थान अपघाताच्या वृत्तांताला आणि मागील अंकातील चुकीच्या दुरुस्तीला मिळावयास हवे.

आता मराठीचा प्रश्न. शास्त्रीय विषय मराठीत मांडण्याची परंपरा मुंबईत जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ १८४० मध्ये येथूनच निघाले. परंतु ज्ञान सांगणारे गद्य आणि कृती सांगणारे गद्य यांत भेद आहे. ‘पंखाच्या तुळईला दोन बोल्ट बसवावेत’ हे वाक्य पाहावे. मराठीतील विध्यर्थ आज्ञा, उपदेश, औचित्य आणि शक्यता हे सर्व अर्थ एकाच रूपात वाहतो. पाककृतीत ही संदिग्धता निभावते. तुळईच्या बाबतीत निभावत नाही. म्हणून अट असेल तेथे ‘बसविलेच पाहिजेत’, सल्ला असेल तेथे ‘बसवावेत’ आणि पर्याय असेल तेथे ‘बसविले तरी चालतील’ असा संकेत संपादकाने पहिल्याच अंकात जाहीर करावा व तो अंकागणिक बदलू नये. ‘तपासणी करण्यात यावी’ ही आपली आवडती कर्मणी रचनाही येथे घातक ठरते, कारण तपासणारा कोण हे तीत लपते. बांधणाऱ्याने स्वतः पाहणे आणि दुसऱ्या जाणकाराने पाहणे यांतील अंतर या क्षेत्रात फार मोठे आहे.

परिभाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. विमानविद्येत ‘स्टॉल’ म्हणजे पंखाचा हवेशी होणारा कोन मर्यादेबाहेर गेल्यामुळे पंखावरील प्रवाह सुटणे आणि उचल एकाएकी घटणे. मोटारीच्या सवयीने याचे ‘बंद पडणे’ असे भाषांतर केले, तर वाचक इंजिनाकडे पाहील. वास्तविक इंजिन उत्तम चालू असताही ही अवस्था येते, आणि त्या क्षणी विमानाचे नाक खाली करणे हा उपाय असतो. येथे ‘स्टॉल’ हाच शब्द ठेवून त्याची व्याख्या वारंवार देणे हे डौलदार पण अनोळखी तत्सम शब्दापेक्षा श्रेयस्कर होय. उलट ‘गुरुत्वमध्य’ हा शब्द रूढ आणि निःसंदिग्ध आहे. तो सोडण्याचे कारण नाही.

अवजारे आणि हातकाम यांसाठी शब्द घडवावे लागत नाहीत. ते परळ-लालबागच्या कारखान्यांत आणि गिरण्यांच्या खात्यांत घडलेलेच आहेत. पाना, कानस, गुण्या, ओळंबा, वायसर, रिबिट हे शब्द फिटरच्या तोंडी होते. ‘आटे गेले’ या दोन शब्दांत जे कळते, ते सांगण्यास पाठ्यपुस्तकाला ओळभर मजकूर लागतो. अर्थात येथेही सावधगिरी हवी. ‘साचा’ म्हणजे सामान्य मराठीत ओतकामाचा आकार. गिरणगावात मात्र साचा म्हणजे माग, आणि तो चालविणारा साचेवाला. काचतंतूंचा पंख घडविण्याची कृती लिहिताना पहिला अर्थ स्पष्ट करावाच लागेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि खात्यांतून तोंडी चालत आलेली ही भाषा पुढील पिढीकडे जाण्याची वाट अरुंद झाली. कृतिपर नियतकालिकाला ती छापून टिकविता येईल, हा त्याचा दुय्यम पण मोलाचा लाभ.

असा वाचक मराठीत आहे काय, ही शंका रास्त आहे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. वृत्तपत्रांनी त्यांच्या जिद्दीची दखल घेतली, ते योग्यच झाले. परंतु तसेच काही करू पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाला जिद्दीच्या वर्णनापेक्षा अधिक काही हवे असते : कोणता सांधा दोनदा उकलावा लागला, कोणता धातू टाकून द्यावा लागला, वजन अंदाजापेक्षा किती वाढले, कोणत्या नियमाखाली परवानगी मागावी लागली. वृत्तपत्राचे ते काम नव्हे. ते नियतकालिकाचे आहे.

तात्पर्य, अशा नियतकालिकाची योग्यता त्यातील छायाचित्रांवर किंवा त्याच्या अभिमानाच्या स्वरावर अवलंबून नाही. त्यातील एखादे वाक्य एका वाचकाने कार्यशाळेत अजमावून चुकीचे ठरविले, तर पुढील अंकात त्याच जागी ती दुरुस्ती छापली जाते काय, हे पाहावे. जेथे ती छापली जाते, तेथे भाषा जबाबदारीने वापरली जात आहे, असे समजण्यास हरकत नाही.