दादरला मोबाईल चोरीला गेला तर पोलीस शोधतात कसे? आधी १५ आकडी नंबर लिहून ठेवा

लग्नाचा बस्ता बांधायचा असो, फुलबाजारात माल न्यायचा असो नाहीतर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचं असो, गावाकडचा माणूस दादरला उतरतोच. मध्य आणि पश्चिम रेल्वे तिथे एकत्र येतात, पुलावर पाय ठेवायला जागा नसते. खिशातला मोबाईल गेलेला कळतो पाच मिनिटांनी. आणि आता मोबाईल गेला म्हणजे फोनपे, बँकेचे मेसेज, आधारचे फोटो, सगळंच गेलं.

‘मुंबईत जिकडेतिकडे कॅमेरे आहेत, सापडेल,’ असं अनेकांना वाटतं. कॅमेरे आहेत हे खरं. २६/११ नंतर त्यांची मागणी झाली, १३ जुलै २०११ ला दादरच्या कबुतरखान्याजवळही स्फोट झाला, तरी शहरभर सुमारे पाच हजार कॅमेरे लागायला २०१६ उजाडलं. चोर कुठल्या दिशेने गेला हे त्यात दिसू शकतं. पण गर्दीत खिशात शिरलेला हात दिसेलच असं नाही.

फोन शोधायला जास्त कामाला येतो तो आयएमईआय नंबर. प्रत्येक हँडसेटचा हा १५ आकडी नंबर वेगळा असतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर. *#०६# डायल केलं की स्क्रीनवर दिसतो, बिलावर आणि खोक्यावरही असतो. चोराने सिम काढून फेकलं तरी हा नंबर फोनमध्येच राहतो. त्यात दुसरं सिम टाकलं की मोबाईल कंपनीच्या यंत्रणेला तो दिसतो आणि कुठल्या सिमवर फोन सुरू झाला ही माहिती पोलिसांपर्यंत जाते. यासाठी केंद्र सरकारचं ‘सीईआयआर’ पोर्टल आहे. महाराष्ट्रात ते २०१९ मध्ये प्रयोग म्हणून आलं, मे २०२३ पासून ‘संचार साथी’वर देशभर सुरू आहे.

फोन गेल्यावर आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा, इथे उशीर महागात पडतो. मग तक्रार. स्टेशनात चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस, बाहेर झाली तर शहर पोलीस. गाडी सुटत असेल तर गावी येऊन आपल्या ठाण्यातही ‘झिरो एफआयआर’ देता येतो. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात तशी तरतूद आहे. कागदावर ‘हरवला’ लिहिलंय की ‘चोरीला गेला’, हे सही करण्याआधी वाचा. मुंबई पोलीस २०१५ पासून ट्विटरवर आहेत, उत्तरंही देतात, पण पोस्ट टाकली म्हणजे तक्रार झाली असं नाही.

त्याच नंबरचं नवं सिम घ्या, कारण ओटीपी त्यावरच येतो. तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय देऊन पोर्टलवर फोन ब्लॉक करा. मग देशात कुठल्याही कंपनीचं सिम त्यात चालत नाही. सापडला की तिथूनच अनब्लॉक होतो.

सगळेच फोन मिळतात असं मात्र नाही. काही सुटे भाग करून विकले जातात, काहींचा आयएमईआयच बदलतात. हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आणखी एक. काही दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला, लिंक उघडा’ असा मेसेज येऊ शकतो. तो बहुतेक वेळा चोराच्याच साखळीतला असतो, त्याला लॉक उघडायला तुमचा पासवर्ड हवा असतो. लिंक उघडू नका, मेसेज तसाच ठाण्यात दाखवा.