लेखनाची पदवी : कशाची आणि कोणासाठी?

अमेरिकेत कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना चार वर्षांच्या पदवीसाठी एक मुख्य विषय निवडावा लागतो. आपल्याकडे ज्याला बी. ए. चा ‘स्पेशल’ विषय म्हणतात तोच हा. कोणी रसायन घेतो, कोणी अर्थशास्त्र, आणि कोणी चक्क कथा-कविता लिहिण्याचे शिक्षण घेतो. ‘क्रिएटिव्ह रायटिंग’ हे त्या विषयाचे नाव; आपण त्याला सर्जनशील लेखन म्हणू. हे ऐकल्यावर आपल्याकडे दोन प्रश्न हटकून निघतात. लेखन ही काय शिकवण्याची गोष्ट आहे? आणि हे शिकून पोट कसे भरणार?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी कामगार चळवळीतला माणूस. विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. परंतु ज्यांच्या घरातली पहिलीच पिढी आज कॉलेजात जाते आहे, अशा माणसांत माझे आयुष्य गेले आहे. त्यांच्या मुलीने ‘मला लेखन शिकायचे आहे’ असे म्हटले तर तिला काय सांगावे, हे ठरवण्यासाठी तरी या प्रश्नांचा विचार केला पाहिजे.

प्रथम थोडा इतिहास. १८८० नंतरच्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात बॅरेट वेंडेल नावाचे प्राध्यापक लेखनाचा एक वर्ग घेत. तिथे निबंधाचे नियम घोकायचे नसत; विद्यार्थ्याने रोज काहीतरी स्वतःचे लिहून आणायचे असे. पुढे निग्रोमुक्तीच्या लढ्याचे धुरीण झालेले डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस हे त्या वर्गाचे एक विद्यार्थी. १९२२ साली आयोवा विद्यापीठाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. वरच्या पदवीच्या प्रबंधाऐवजी कविता, कथा यांसारखी स्वतंत्र कलाकृती चालेल, असे जाहीर केले. १९३६ साली तिथेच लेखकांचे ‘वर्कशॉप’ सुरू झाले. हा शब्द मला विशेष आवडतो. तो कारखान्यातला आहे. महायुद्धानंतर, १९४४ च्या कायद्याने, परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. ज्यांच्या घराण्यात कोणी कॉलेज पाहिले नव्हते असे हजारो तरुण वर्गात येऊन बसले. वरच्या वर्गांतली ही पद्धत हळूहळू पदवीच्या वर्गांतही उतरली.

या वर्कशॉपमध्ये घडते तरी काय? दहा-पंधरा विद्यार्थी एका टेबलाभोवती बसतात. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या कथेच्या प्रती आठवडाभर आधी सर्वांना दिलेल्या असतात. प्रत्येकाने ती वाचून समासात शेरे मारलेले असतात. मग चर्चा होते : हे पात्र इथे असे का वागले, हे पान गाळले तर काय बिघडेल, शेवट आधीच कळला काय? जुन्या रिवाजाप्रमाणे लेखकाने त्या वेळी तोंड मिटून बसायचे. नंतर घरी जाऊन कथा पुन्हा लिहायची. याच्या जोडीला साहित्याच्या इतिहासाचे आणि वाचनाचे वर्ग असतात, आणि पुष्कळ ठिकाणी शेवटच्या वर्षी स्वतःच्या लेखनाचा एक संग्रह सादर करावा लागतो. म्हणजे प्रतिभा वाटण्याचे हे दुकान नव्हे. वाचणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे आणि पुन्हा लिहिणे या तीन गोष्टींची ही तालीम आहे.

आता पहिला प्रश्न. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालची आहे. चित्रकला शिकवता येत नाही, असे म्हणून ती कोणी बंद केली नाही. गवई गुरूपाशी वर्षानुवर्षे बसतो. त्याला कोणी हसत नाही. मग लेखणीनेच असा काय गुन्हा केला आहे? माझ्या कामातलाच दाखला देतो. कामगार तक्रार लिहून आणतो : ‘साहेब नेहमी अन्याय करतात.’ आम्ही विचारतो, कोणत्या साहेबाने, कोणत्या पाळीत, काय शब्द वापरले, शेजारी कोण उभे होते? दुसऱ्या खेपेला तोच माणूस असा कागद आणतो की वाचणाऱ्याला खाते डोळ्यांपुढे दिसते. त्याच्यात नवी प्रतिभा शिरलेली नसते. कोणीतरी त्याचे नीट वाचून त्याला प्रश्न विचारलेला असतो. शिकवता येते ते एवढेच, आणि एवढे पुष्कळ आहे.

रेमंड कार्व्हर या कथाकाराचे उदाहरण पाहा. बाप आरागिरणीत करवतींना धार लावणारा. मुलगा विशीच्या आतच लग्न करून दोन लेकरांचा बाप झालेला, आणि मिळेल ते काम करणारा. १९५८ च्या सुमारास तो कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या साध्या सरकारी कॉलेजात दाखल झाला. तिथे जॉन गार्डनर हे तरुण शिक्षक त्याला भेटले. ते त्याच्या कथेतला शब्द अन् शब्द तपासत आणि अनावश्यक ते खोडून टाकत. कार्व्हरला घरी लिहायला जागा नाही हे कळल्यावर त्यांनी आपल्या खोलीची किल्ली त्याला दिली. पदवीपेक्षा ही किल्ली मला मोठी वाटते. गरिबाच्या मुलाला बुद्धी कमी नसते. त्याला टेबल, वेळ आणि वाचणारा मिळत नाही.

हे रशियातही ओळखले गेले होते. गॉर्कींच्या पुढाकाराने १९३३ साली मॉस्कोत कामगारांसाठी संध्याकाळचे साहित्य विद्यापीठ निघाले. तेच पुढे गॉर्की साहित्य संस्था झाले. कारखान्यात लेथवर काम केलेला कोन्स्तान्तिन सीमोनोव्ह १९३८ साली तिथून बाहेर पडला आणि मोठा लेखक झाला. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पास्तरनाक यांच्या निषेधात सामील व्हायला बेला अख्मादुलिना या कवयित्रीने नकार दिला, आणि १९५९ साली तिला याच संस्थेतून काढण्यात आले. नंतर तिला परत घेतले व १९६० साली तिने शिक्षण पुरे केले. संस्था लेखणी हाती देते, तशी ती धरूनही ठेवू शकते.

अमेरिकेतला धाक वेगळा आहे. तिथे सरकार नसते, पण टेबलाभोवतीचे बहुमत असते. बारा जणांना जे ओळखीचे, ते चांगले. जे परके, ते ‘कळले नाही’. सँड्रा सिस्नेरोस ही शिकागोची मेक्सिकन वंशाची मुलगी. वडील खुर्च्या-कोच मढवण्याचे काम करीत. कॉलेजात असतानाच ती लेखनाच्या वर्गाला बसली, आणि पुढे आयोवाला गेली. तिथे घरांविषयी चर्चा चालली असता तिला जाणवले की, या सर्वांच्या मनातले घर आणि आपले घर एक नव्हे. ती गप्प बसून राहिली नाही. जे वर्गाला ठाऊक नव्हते तेच तिने लिहायला घेतले. त्यातून ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ हे पुस्तक १९८४ साली आले. सर्वांनाच अशी हिंमत होते असे नाही. म्हणूनच लेखकाने गप्प बसण्याच्या त्या रिवाजावर आज तिकडे टीका होते, आणि काही शिक्षक तो मोडूही लागले आहेत.

राहिला पोटाचा प्रश्न. ही पदवी नोकरीची चिठ्ठी नव्हे. ती घेतलेले लोक प्रकाशनात, जाहिरातीत, वृत्तपत्रात, शिक्षकी पेशात जातात. केवळ कादंबऱ्यांवर जगणारे थोडेच. कर्ज काढून ती घेणाऱ्याने हे आधी जाणून असावे. पण माझी खरी तक्रार निराळी आहे. लेखन हे काम आहे असे वर्गात शिकवतात, पण कामाला दाम असतो हे तितकेसे शिकवत नाहीत. २०२३ साली अमेरिकेतल्या चित्रपट-दूरचित्रवाणी लेखकांच्या संघटनेने १४८ दिवस संप केला. मेहनताना हा एक मुद्दा होता, आणि यंत्राकडून लिहवून घेऊन लेखकाची भाकरी कापू नये हा दुसरा. त्यांनी करारात यंत्राच्या वापरावर बंधने घालून घेतली. करारनामा वाचायला शिकणे हा लेखनाच्या अभ्यासक्रमाचा भाग का नसावा?

यावर कोणी म्हणेल, अण्णाभाऊ साठे किंवा नारायण सुर्वे कोणत्या लेखनवर्गाला गेले होते? कॉलेजच्या वर्गाला नव्हेच. परंतु अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून चाळीचाळींतून, मैदानांतून गात होते. कोणता शब्द पोचला आणि कोणता पडला, हे समोरचा श्रोता तिथल्या तिथे सांगत होता. ती शाळाच होती. सुर्व्यांनी तर १९६६ च्या आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ असेच नाव दिले. ते एकटे शिकले नाहीत. आज गिरण्या गेल्या, चाळी पाडल्या, कलापथकेही विरली. त्या शाळा मिटल्या असतील तर दुसऱ्या कुठेतरी उघडाव्या लागतील, आणि त्यातली एक कॉलेजात असायला हरकत नाही.

म्हणून मुलीने हा विषय मागितला तर तिला हसू नका, आणि डोळे झाकून फीही भरू नका. आधी चौकशी करा. शिकवणारे स्वतः लिहितात काय? वर्गात किती मुले असतात, आणि तिचे लिखाण खरोखर कोणी वाचते काय? तिची बोली, तिची वस्ती यांना तिथे जागा आहे काय? जोडीला पोटापुरता दुसरा एखादा विषय घेता येतो काय? उत्तरे समाधानकारक असतील तर तिला जाऊ द्या. आणि नसतील, तर गावातल्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ, एक टेबल आणि आठ-दहा प्रामाणिक वाचणारे जमवणे आपल्या हातात आहे. त्याला कोणत्याही विद्यापीठाची परवानगी लागत नाही.