कण्हेर कुळातील औषधी फुलझाडे : परंपरा, रसायन आणि मात्रा

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत आरोग्यविषयक एखाद्या विषयाची माहिती असावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

देणगीदार व रुग्णांचे आप्त आम्हांस वरचेवर एक प्रश्न विचारतात. जी सदाफुली अंगणात आपोआप उगवते, तिच्यापासून तयार झालेल्या औषधासाठी निधी कशाला? पाने उकळून काढा दिला तर चालणार नाही का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सदाफुली ज्या कण्हेर कुळातील आहे, त्या कुळाच्या इतिहासात व रसायनात सापडते.

सदाफुली : ही मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५०च्या दशकात कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी ही पाने तपासली. साखर उतरल्याचे दिसले नाही. मात्र प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे अल्कलॉइड वेगळे झाले. त्याचेच भावंड असलेल्या व्हिन्क्रिस्टिनला १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. दोहोंच्या रेणूंत एका छोट्या अणुगटाचाच फरक आहे. पेशीचे विभाजन होण्यासाठी प्रथिनांचे सूक्ष्म धागे विणले जावे लागतात. ही द्रव्ये ती वीण रोखतात. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिन्क्रिस्टिन आजही महत्त्वाचे आहे.

सर्पगंधा : हिचे मूळ निद्रानाश व उन्माद यांवर आपल्याकडे पूर्वापार वापरले जाते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना हे औषध देऊन आलेला अनुभव १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. त्याने रक्तदाब उतरतो. पण मात्रा वाढल्यास मन खिन्न होऊ शकते. अधिक सोयीची औषधे आल्यामुळे आज ते क्वचितच दिले जाते.

कण्हेर : देवपूजेतील हे फूल सर्वांच्या परिचयाचे आहे, परंतु या झाडाचे सर्व भाग विषारी आहेत. त्यातील ओलिअँड्रिन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते. आयुर्वेदानेही कण्हेरीची गणना उपविषांत केली आहे.

या तिन्ही उदाहरणांत उपाय आणि अपाय यांत अंतर आहे ते मात्रेचे. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्याने हे हिशेबाच्या भाषेत सांगतो. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. व्हिन्क्रिस्टिन प्रौढ रुग्णासही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत, आणि ते केवळ शिरेतूनच द्यावयाचे असते. पानांतील द्रव्याचे प्रमाण जमीन, ऋतू व रोपाचे वय यांनुसार बदलते. शिवाय पानांत शंभराहून अधिक अल्कलॉइड एकत्र असतात. काढ्याच्या पेल्यात त्यांपैकी कोणते किती उतरले, हे सांगता येत नाही. निधी खर्च होतो तो द्रव्य शुद्ध करणे, मोजणे आणि सुरक्षितपणे देणे यांवर.

रुग्णांच्या आप्तांस आमची नम्र विनंती आहे. व्हिन्क्रिस्टिनचा निचरा यकृतामार्फत होतो. दुसऱ्या एखाद्या द्रव्यामुळे त्यात अडथळा आल्यास औषध शरीरात साचते. हातापायांना मुंग्या येणे, तीव्र बद्धकोष्ठता असे त्रास मग बळावतात. म्हणून घरी एखादा काढा, चूर्ण वा मुळी चालू असल्यास ती न संकोचता डॉक्टरांना सांगावी व शक्य तर सोबत आणावी. त्याबद्दल कोणीही रागावणार नाही. उपचार ठरविताना ती माहिती तपासणी-अहवालाइतकीच मोलाची असते.