महागड्या रिव्हॉल्व्हरचे पैसे जातात कुठे?

सेम्बावांग हे सिंगापूरचे उत्तर टोक. समोर जोहोरची सामुद्रधुनी, खारा वारा आणि वर्षाची सरासरी आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर. ब्रिटिशांनी फेब्रुवारी 1938 मध्ये इथल्या नौदल तळावर 1000 फूट लांबीची किंग जॉर्ज सहावा सुकी गोदी सुरू केली. जहाजांचे तळ खरवडून पुन्हा रंगवणे हे गोदीचे रोजचेच काम, कारण या हवेत पोलादाला गंज चढायला फार वेळ लागत नाही. जे जहाजाला लागू, तेच शिपायाच्या कमरेला लटकणाऱ्या रिव्हॉल्व्हरला.

त्या काळात सिंगापूरच्या पोलिसांकडे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीची .38 रिव्हॉल्व्हर होती. ती खास कंत्राटावर बनवलेली असल्याने चौकटीवर ‘एसपीएफ’ ही अक्षरे ठोकलेली असत आणि त्यातल्या काहींना चक्क सुरक्षा खटका होता. पिस्तुलाला असा खटका नेहमीचा, रिव्हॉल्व्हरला मात्र क्वचित, कारण त्याचा चाप मुळातच लांब आणि जड ओढावा लागतो. 1930च्या दशकात आलेली ही शस्त्रे थेट 1970च्या दशकात निघाली. दुरुस्तीसाठी पोलिसांच्या शस्त्रागारात येतील तशी ती बाजूला काढली गेली आणि त्यांच्या जागी अमेरिकन स्मिथ अँड वेसनची मॉडेल 10 आली. या शतकात ब्राझिलच्या टॉरस कंपनीचे पाच गोळ्यांचे मॉडेल 85 तिथल्या पोलिसांच्या पट्ट्याला दिसू लागले. या तिन्हींपैकी एकही शौकिनाने मखमलीवर ठेवावे असे नाही. मग जगात काही हजार डॉलरची रिव्हॉल्व्हर विकली जातात, त्यांत असते काय?

सेम्बावांगमधल्या मराठी कुटुंबाला हा प्रश्न खरेदीसाठी पडणारच नाही. सिंगापूरच्या 1973च्या कायद्यानुसार बेकायदा शस्त्र बाळगले तर कैदेसोबत किमान 6 फटके, आणि इजा करण्याच्या हेतूने गोळी झाडली तर फाशी. पण प्रश्न धातुशास्त्राचा आहे, आणि तो परवाना न मागता विचारता येतो.

रिव्हॉल्व्हरची मूळ अडचण अशी, की त्याची नळी अखंड नसते. काडतूस फिरत्या सिलिंडरमधल्या घरात असते, नळी त्याच्या पुढे वेगळी असते आणि दोघांमध्ये फट असते. ही फट साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरची. त्याहून कमी ठेवली तर तापलेले आणि काजळलेले सिलिंडर घासून अडकते. जास्त ठेवली तर वायू बाजूने निसटतो आणि गोळीचा जोर घटतो. शिवाय प्रत्येक वेळी चाप ओढला की एका छोट्या पोलादी बोटाने सिलिंडर ढकलायचे, दुसऱ्या खटक्याने ते अचूक जागी अडवायचे आणि त्याच क्षणी घोडा पडायचा. घर आणि नळी एका रेषेत आली नाहीत, तर गोळी नळीच्या तोंडावर घासते, शिशाचे कपचे उडतात आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या गालाला लागतात.

जर्मनीच्या कोर्थ कंपनीचे रिव्हॉल्व्हर महाग असते ते इथे. कसबी कारागीर एकेक भाग हाताने घासून दुसऱ्याशी जुळवतो. अशा शस्त्राचा चाप लोण्यासारखा चालतो, हे खरे. पण मारा अचूक व्हायला चापाइतकाच हातही लागतो, आणि हात दुकानात मिळत नाही.

आता दाबाकडे वळू. मोटारीच्या चाकात हवा असते सुमारे 32 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). .38 स्पेशल काडतूस फुटते तेव्हा घरातला दाब 17,000 पीएसआयपर्यंत जाऊ दिला जातो; .357 मॅग्नमसाठी ही मर्यादा 35,000, म्हणजे वातावरणाच्या सुमारे 2,400 पट. हे सारे एका क्षणाच्या अंशात घडते आणि पुढच्या चाप ओढण्याला पुन्हा घडते. धातू एका फटक्याने क्वचितच हरतो. सूक्ष्म चिरा हळूहळू वाढत जाऊन तो थकतो. फटीतून निसटणारा तापलेला वायू वरच्या पट्टीवर बारीक खाच कोरतो, ती वेगळीच.

जास्त पैसे देण्यात अर्थ कुठे असतो, याचे उत्तम उदाहरण याच दाबातून मिळते. अमेरिकन पोलिसांचे लाडके स्मिथ अँड वेसन मॉडेल 19 हे मध्यम आकाराच्या चौकटीत मॅग्नम काडतूस बसवलेले शस्त्र. नळीच्या मागच्या तोंडाला, खालच्या बाजूला, जागेअभावी थोडा धातू कापावा लागला होता. सराव साध्या .38 गोळ्यांनी होत असे तोवर काही बिघडले नाही. हलक्या, वेगवान 125 ग्रेनच्या मॅग्नम गोळ्यांनी नेमबाजी वाढली तशा नेमक्या त्या पातळ जागी चिरा दिसू लागल्या. कंपनीने 1980च्या सुमारास थोडी मोठी चौकट आणली. फ्रान्सच्या मानुऱ्हँ कंपनीने 1973चे एमआर73 मुळातच रोजच्या जबर मॅग्नम सरावाचा हिशेब धरून घडवले होते. नळी थंड पोलाद हातोड्यांनी ठोकून बनवलेली, भाग काळजीपूर्वक जुळवलेले, किंमत चढी. झांदार्मरी या फ्रेंच निमलष्करी पोलिसदलाच्या जीआयजीएन या कमांडो तुकडीने ते घेतले आणि वर्षानुवर्षे वापरले. दररोज मूठमूठ मॅग्नम काडतुसे झाडणाऱ्याला ही जादा किंमत वसूल होते. वर्षाला दोन डबे झाडणाऱ्याला ती कशी वसूल होणार?

उलट, बारकाईने जुळवलेले यंत्र गैरवापराने लवकर बिघडते. सिनेमातला नायक मनगटाला झटका देऊन सिलिंडर ‘खट्‌’ करून बंद करतो. बाहेर झुकणारे सिलिंडर एका बारीक दांड्यावर तोललेले असते. ते असे पुन्हा पुन्हा आपटले की दांडा वाकतो, घर आणि नळीची रेषा ढळते, आणि हे डोळ्याला दिसतही नाही. दहा हजारांचे रिव्हॉल्व्हर असो वा दहा लाखांचे, झटका तोच आणि पोलादही थोड्याफार फरकाने तेच. काडतूस फुसके निघून गोळी नळीतच अडकली असताना पुन्हा चाप ओढला, तर नळीला फुगवटा येतो. त्यावर कोणताही नामांकित शिक्का उपाय करू शकत नाही.

जुन्या वेब्लींची अमेरिकेतली कथा तर डोक्याला हात लावण्यासारखी. दुसऱ्या महायुद्धानंतर .455 वेब्ली तिकडे स्वस्तात गेल्या. तिथे .455 काडतूस दुर्मीळ, म्हणून अनेकांनी सिलिंडरची मागची बाजू तासून त्यात .45 एसीपी काडतूस बसेल असे केले. ते बसते, पण त्याचा दाब वेब्लीच्या आराखड्याला झेपणारा नाही. वेब्ली कमरेतून बिजागरीवर दुमडते आणि वरच्या एका खटक्याने बंद होते. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली कितीतरी शस्त्रे अशाने मोडीत निघाली.

आणि दुर्लक्ष? ते गैरवापराचेच मुकाट भावंड. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की नळीत पोटॅशियम क्लोराईड उरते, म्हणजे जवळजवळ आपले मीठच. दमट हवेत ते पाणी ओढून घेते आणि नळीला आतून खड्डे पडतात. शिपाई वरून भरपूर तेल लावून निर्धास्त होत. पण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून ब्रिटिश सैन्यात बंदुकीच्या नळीत आधी उकळते पाणी ओतण्याची आणि मगच तेलाची रीत होती. आजच्या टोपीत हे रसायन बहुधा नसते, पण घामात मीठ असतेच, आणि चामड्याचे म्यान ओल धरून ठेवते. शस्त्र महिनोन्‌महिने म्यानातच ठेवणे ही गंजाची सर्वात सोपी पाककृती. स्मिथ अँड वेसनने 1965 मध्ये मॉडेल 60 हे स्टेनलेस पोलादाचे रिव्हॉल्व्हर काढले, ते चकाकीसाठी नव्हे. सागरकिनाऱ्याच्या माणसाने जादा पैसे मोजावेत असे हे एक कारण माझ्या मते निर्विवाद आहे.

आपल्याकडे भारतात हाच वेब्ली घराण्याचा वारसा अजून चालू आहे. भारतीय आयुध निर्माणीचे .32 रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच धर्तीवर कमरेत दुमडते. त्याचे टायटॅनियम मिश्रधातूचे भावंड ‘निर्भीक’ कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 2014 मध्ये आणले: वजन सुमारे 500 ग्रॅम, तेव्हाची किंमत सुमारे 1 लाख 22 हजार रुपये, आणि दागिन्याच्या डबीसारखी मरून पेटी. दिल्लीतल्या 2012च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर महिलांसाठी म्हणून ते खपवले गेले. टायटॅनियम गंजत नाही आणि पोलादापेक्षा बरेच हलके असते. पण काडतूस तेच .32, गोळीचा जोर तोच, आणि शस्त्र हलके म्हणून हाताला बसणारा धक्का मात्र जास्त. सरावाला जागाच नसलेल्या शहरी माणसाला वजन वाचवून नक्की काय मिळाले, हे मला अजून कळलेले नाही.

त्यातून आपल्या बाजारात किंमत आणि दर्जा यांची फारकत झालेली आहे. 1980च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी शस्त्रांची आयात बंद आहे. त्यामुळे त्याआधी आलेली एखादी जुनी वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन लाखांत बोलली जाते. ही किंमत कारागिरीची नसून टंचाईची असते, आणि त्या शस्त्राने आधीच्या मालकाच्या हातून किती झटके आणि किती पावसाळे सोसले ते कागदावर लिहिलेले नसते.

तेव्हा परवानाधारकाने विदेशी नावाला भाळून रक्कम मोजण्याआधी एखाद्या जाणत्या शस्त्रकारागिराकडून सिलिंडर प्रत्येक घराला नळीसमोर अचूक थांबते का, ते हलते किती, फट किती आणि नळीत खड्डे आहेत का, एवढे तपासून घ्यावे. रोज मॅग्नम झाडणारा सोडला, तर बाकी सर्वांना मध्यम किमतीचे, साध्या घडणीचे आणि वेळेवर स्वच्छ केलेले रिव्हॉल्व्हर पुरते.