ईगल्सची धाव कोठे अडली?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूला पायाचा स्पर्श क्वचितच होतो; तो हाती घेऊन धावणे किंवा पुढच्या गड्याकडे फेकणे, या दोनच मार्गांनी संघ मैदान जिंकीत जातो. त्यातला पहिला मार्ग ज्या फिलाडेल्फिया ईगल्सनी 2024 च्या हंगामात अक्षरशः राजमार्ग करून सोडला होता, त्यांचीच वाट 2025 मध्ये अशी काही रोखली गेली की, आदल्या वर्षी सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकून देणाऱ्या संघाविरुद्ध त्याचे स्वतःचे चाहतेच फिर्यादी होऊन उभे राहिले. ईगल्सचा मुख्य धावणारा गडी सेक्वॉन बार्कली याने 2024 मध्ये 345 वेळा धावून 2,005 यार्ड मिळविले होते. पुढील वर्षी 280 धावांत त्याच्या पदरी सुमारे 1,140 यार्ड पडले, म्हणजे दर धावेचे प्रमाण 5.8 वरून 4.1 वर आले. या घसरणीची जी कारणे सर्वतोमुखी झाली, त्यांतील काही साफ चुकीची, तर काही अर्धीच खरी आहेत.

सर्वांत लोकप्रिय समज असा की, बार्कली थकला, त्याचे पाय गेले. हा तर्क अगदीच निराधार म्हणता येणार नाही. बाद फेरीचे सामने धरून 2024 च्या हंगामात तो 436 वेळा चेंडू घेऊन धावला होता, आणि सुपर बोलच्या दिवशीच त्याने वयाची 28 वर्षे पूर्ण केली होती. परंतु 9 ऑक्टोबर 2025 रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध ज्याला 12 धावांत 58 यार्डांवर समाधान मानावे लागले, तोच गडी अवघ्या सतरा दिवसांनी त्याच जायंट्सविरुद्ध 14 धावांत 150 यार्ड धावला, आणि त्यांतील 65 यार्ड तर एकाच धावेत. पाय गेलेल्या माणसाला हे साधत नाही. शिवाय या खेळाचे दफ्तर उघडून पाहिले, तर बार्कलीच्या पूर्वी 2,000 यार्डांचा टप्पा ओलांडणाऱ्या आठही जणांपैकी एकालाही पुढील वर्षी 1,500 गाठता आलेले नाहीत, असे आढळते. बॅरी सँडर्स 2,053 वरून 1,491 वर आला, आणि तोच त्यातल्या त्यात भाग्यवान. एरिक डिकर्सन 2,105 वरून 1,234 वर उतरला, आणि ऐन पंचविशीतला ख्रिस जॉन्सन 2,006 वरून 1,364 वर. दोन हजारांचे वर्ष हेच मुळी अपवादाचे वर्ष असते, आणि अपवादाला कोणी शिरस्ता समजू लागले की निराशा ठरलेलीच.

त्या अपवादाची घडणही पाहण्यासारखी आहे. 24 नोव्हेंबर 2024 रोजी लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध बार्कलीने 26 धावांत 255 यार्ड मिळविले. पैकी 142 यार्ड केवळ दोन धावांचे होते, एक 70 ची आणि दुसरी 72 ची. उरलेल्या 24 धावांची सरासरी पाच यार्डांच्याही आत येते. लांब पल्ल्याच्या धावा आटल्या की सरासरी कोसळते, हे उघडच आहे. प्रश्न त्या का आटल्या, हा.

येथे दुसरा गैरसमज आड येतो: यार्ड धावणाऱ्याच्या खाती जमा होतात, म्हणून ते त्यानेच कमावलेले असतात. वस्तुतः ही कमाई पुढच्या पाच धिप्पाड गड्यांच्या फळीची असते. मधला गडी आणि त्याच्या शेजारचा गार्ड असे दोघे मिळून समोरच्या बचावपटूला प्रथम ढकलतात, आणि तो जागेवरून हलताच दोघांपैकी एक त्याला सोडून मागच्या ओळीतील लाइनबॅकरवर जातो; हे सुटणे अर्ध्या क्षणाने चुकले, तर लाइनबॅकर मोकळा राहून धावणाऱ्याला खिंडीच्या तोंडाशीच गाठतो. ज्यांच्यावर ही मदार, त्यांपैकी मधल्या कॅम जर्गेन्सच्या पाठीवर सुपर बोलनंतर शस्त्रक्रिया झाली. डाव्या गार्डच्या, लँडन डिकर्सनच्या गुडघ्यावर ऑगस्टमध्ये झाली. उजवा गार्ड मेखी बेक्टन संघ सोडून गेला. आणि नोव्हेंबरात याच फळीतील अनुभवी लेन जॉन्सनच्या पायाला इजा होऊन तो उर्वरित हंगामास मुकला. माझ्या मते मुख्य कारण हेच.

त्याला जोड मिळाली ती, चेंडू फेकण्या-देण्याची सूत्रे हाती असलेल्या क्वार्टरबॅक जेलन हर्ट्‌सच्या कमी झालेल्या धावांची. एका विशिष्ट डावपेचात बचावफळीच्या टोकाचा गडी मुद्दाम मोकळा सोडतात. क्वार्टरबॅक चेंडू बार्कलीच्या पोटाशी धरून त्या गड्यावर नजर रोखतो, तो बार्कलीकडे झेपावला तर स्वतः धावतो, जागीच थबकला तर चेंडू देऊन टाकतो. अशा रीतीने एक विरोधक कोणीही न अडविता अडविला जातो. परंतु हर्ट्‌सच्या धावा 150 वरून 105 वर आल्या, आणि तो आता स्वतः पळणार नाही अशी विरोधकांची खात्री पटताच टोकाचा गडी बेधडक बार्कलीवर तुटून पडू लागला.

राहता राहिला कारभाऱ्यांचा प्रश्न. आक्रमणाची मसलत ठरविणारा केलन मूर न्यू ऑर्लिन्सला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला आणि त्याच्या जागी केविन पटुलो आला. त्याने धावण्याचा मार्गच सोडून दिला, ही तक्रार निदान एका दिवसापुरती रास्त होती. डेन्व्हरविरुद्ध 17-3 अशी आघाडी असताना बार्कलीला संपूर्ण सामन्यात सहाच वेळा चेंडू मिळाला, आणि ईगल्स 17-21 ने हरले. पण त्यावरून ‘अधिक धावा, म्हणजे जिंकाल’ असे सूत्र काढणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणे होय. आघाडीवर असलेला संघ शेवटच्या सत्रात घड्याळ पुढे सरकावे म्हणून धावत राहतो, त्यामुळे विजयी संघाच्या नोंदीत धावा वाढलेल्या दिसतात; त्या पुष्कळदा विजयाच्या मागून आलेल्या असतात. जानेवारी 2026 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात बार्कलीला हवे तितक्या वेळा चेंडू मिळाला, तो शंभराहून अधिक यार्ड धावलाही. तरी ईगल्स घरच्या मैदानावर 19-23 असे पराभूत झाले, आणि त्यानंतर काही दिवसांतच पटुलोला त्या कामावरून दूर करण्यात आले.