टोनआर्म बदल

जुन्या टर्नटेबलचा मूळ टोनआर्म काढून त्या जागी दुसरा बसवण्याच्या प्रक्रियेस टोनआर्म बदल असे म्हणतात. टोनआर्म म्हणजे कार्ट्रिज व सुई धारण करून त्यांना तबकडीच्या खाचेवरून नेणारी भुजा होय.

पार्श्वभूमी

थॉरेन्स या स्विस कंपनीने १९५७ मध्ये आणलेल्या टीडी १२४ या यंत्रात आर्मची फळी सुटी करता येते. त्यामुळे मूळ सांगाड्यास छिद्र न पाडता एसएमई ३००९ सारखा ब्रिटिश आर्म बसवता येतो. जुनी फळी जपल्यास यंत्र पूर्ववतही करता येते.

सुसंगती

केवळ महाग आर्म बसवल्याने ध्वनी सुधारतोच असे नाही. आर्म व कार्ट्रिज परस्परांना अनुरूप असावे लागतात. आर्मचे कार्ट्रिजसह परिणामी वस्तुमान (ग्रॅम) व सुईची लवचीकता (मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन) यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ ला भागल्यास अनुनादाची वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. ती साधारणतः ८ ते १२ हर्ट्झ असावी. वस्तुमान १८ व लवचीकता १२ असता ती सुमारे १०.८ येते. लवचीकता ३० असल्यास मात्र ती ६.८ पर्यंत उतरते आणि वाकलेल्या तबकडीवर आर्म हेलकावे खाऊ लागतो.

जुळवणी

आर्मच्या कीलकापासून मध्यखुंटीपर्यंतचे अंतर निर्मात्याने दिल्याप्रमाणे ठेवावे लागते. रेगा आरबी३०० साठी ते २२२ मिमी असून सुई मध्यखुंटीच्या १५ मिमी पुढे येते. सुईचा दाब प्रतिभार सरकवून ठरवतात. दाब अपुरा असल्यास सुई खाचेत उसळून तिच्या भिंतींना इजा करते. ही हानी भरून येत नसल्याने दुर्मीळ तबकडी लावण्यापूर्वी साध्या तबकडीवर चाचणी घेणे इष्ट ठरते.