पडीक म्हटलेल्या डोंगरांचं गवत

चाकणजवळचा भामचंद्र, इंद्रायणीकाठचा भंडारा आणि देहूरोडचा घोरावडेश्वर हे तिन्ही डोंगर वारकऱ्यांच्या ओळखीचे आहेत, ते तुकोबांमुळे. वनस्पतीशास्त्राच्या अंगानं त्यांच्याकडे बघणारे फार थोडे. पायथ्याशी कारखान्यांच्या शेड, माथ्यावर काळा बसाल्ट, त्यावर वीतभर माती आणि त्या मातीत गवत. सरकारी नोंदीत असे माळ सरसकट पडीक ठरतात. हा शब्द मला मान्य नाही.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जेमतेम पन्नास किलोमीटरवर चाकण, आणि तिथवर येताना तो हजाराच्याही आत येतो. या पर्जन्यछायेत उघड्या उतारांवर गवताचंच राज्य असतं: शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. जंगल तुटलं म्हणून गवत आलं, हा समज खोडायला आता जुनं मराठी साहित्यही साक्षीला आलं आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी ओव्या, चरित्रं, आख्यायिका तपासून २०२५ साली दाखवून दिलं, की पश्चिम महाराष्ट्रातले गवताळ माळ कित्येक शतकांपासूनचे आहेत.

पण एखाद्या ठरावीक डोंगरावर ठरावीक साली कोणतं गवत होतं, हे सिद्ध करायला नमुनाच लागतो.

गवत मुळासकट उपटावं लागतं. वर्षायू की बहुवर्षायू, ते मुळं आणि बुडखा पाहिल्याशिवाय ठामपणे सांगता येत नाही. उंच काडी कागदात मावत नाही, म्हणून ती दोन-तीन ठिकाणी मोडून घालायची, पण तुरा अखंड ठेवायचा; गवताची ओळख सगळी त्या बारीक कणिशकांत असते. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून लाकडी प्रेसमध्ये आवळायचं आणि ओल धरलेले कागद बदलत राहायचं. कुसळीचा तुरा पिकण्याआधी घेतलेला बरा. तिची कुसळं ओल लागली की पीळ सोडतात, सुकली की पुन्हा पीळ घेतात; या हालचालीनंच बी जमिनीत शिरतं. पिकल्यावर ती एकमेकांत गुंतून मोकळी होतात आणि हातात नुसती काडी उरते.

एवढं करूनही चिठ्ठी नसेल तर नमुना गवताची पेंढी ठरतो. गाव, डोंगराची बाजू, उंची, माती, तारीख, गोळा करणाऱ्याचा क्रमांक, आणि गुराख्यानं सांगितलेलं नाव. हे शेवटचं पुष्कळदा राहून जातं. तेच पहिल्यांदा लिहावं, असं माझं मत आहे.

या कामाची परंपरा पुण्यात जुनी आहे. थिओडोर कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पुढे शेतकी खात्यातल्या र. कृ. भिडे यांनी गवतांचा इतका बारकाईनं अभ्यास केला, की गवताच्या एका प्रजातीला 'भिडिया' हे नाव मिळालं. ब्लॅटर आणि मॅकॅन यांचं 'द बॉम्बे ग्रासेस' १९३५चं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ साली पुण्यात सुरू झालं. कोरेगाव रोडवरच्या त्याच्या संग्रहात दीड लाखांहून जास्त नमुने आहेत.

कारखान्यांच्या या पट्ट्याची स्वतःचीही एक नोंद विज्ञानात आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्या मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळालं. चिमूटभर मातीला जी दाद मिळाली, ती तिच्यावरच्या गवतालाही मिळायला हवी.

ती निकडही आहे. पायथ्याचा माळ प्लॉटमध्ये जातो. उरलेल्या उतारावर हौसेनं खड्डे खणून गिरिपुष्पासारखी परकी झाडं लावतात आणि त्यांच्या सावलीत शेडा, पवन्या मागे हटतात. खड्ड्याआधी तिथं काय उगवत होतं, हे वनखात्यापुढे मांडायला चिठ्ठीसह वाळवलेला कागद लागतो. चाकण-तळेगावच्या महाविद्यालयांतल्या मुलांना हे काम सहज जमेल. खुरपं, प्रेस, जुनी वर्तमानपत्रं आणि एक वही पुरते. मात्र निघावं लागेल ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. दिवाळीनंतर तुरे झडू लागतात, गवत कापलं जातं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगरांना वणवे लागतात.